कुरणातली बुचं

हॅना आयव्हसनची कालवड ऐन जानेवारीत मेली. गुरांच्या डॉक्टरनं तिचं पोट फाडलं, आणि त्यातून जे निघालं ते बादलीत घालून हॅना सकाळीच सेथ ऑल्डरसनच्या दारात येऊन उभी राहिली. ना हाक, ना दारावर थाप. सेथ कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर आला तेव्हा त्याला ती दिसली.

"आत ये की, हॅना."

"आत नको. वास मारतोय." तिनं बादली उंबऱ्यावर ठेवली. "ह्ये तुझ्या सायेबलोकांचं. माझ्या कालवडीनं सांभाळून ठेवलं व्हतं. परत करायला आलीया."

बादलीत चघळून चपटी झालेली प्लास्टिकची बुचं होती. काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये बसतात ती. बार उडाला की छर्रे जातात पक्ष्याच्या मागे आणि बूच पडतं गवतात. तिथंच राहतं. ऊन, पाऊस, बर्फ, काही म्हणजे काही त्याला होत नाही. हॅनाच्या कुरणात ती वर्षानुवर्षं पडत होती. उन्हाळ्यात गवत कापलं की गवताबरोबर गाठोड्यात बांधली जात होती, आणि हिवाळ्यात गोठ्यातल्या गव्हाणीत येत होती.

"आवतनाच्या कार्डावर लिवलंय की," सेथ म्हणाला. "कागदाच्या लगद्याची बुचं असलेलीच काडतुसं आणा म्हणून. ती कुजत्यात. दरसाली छापतो आमी."

"माझ्या कालवडीला वाचता येत नव्हतं."

हॅना आणि तो एका शाळेत, एका बाकावर शिकलेले. तिला राग आला की ती हळू बोलते, हे त्याला तेव्हापासून ठाऊक होतं. आत्ता ती फारच हळू बोलत होती.

"ऐक सेथ. एप्रिलात मी मेंढ्या ह्या कुरणात उतरवणार. त्याच्या आत कुरण साफ पायजे. त्यानंतर एक जरी बूच घावलं, तर पुढल्या मोसमाला माझ्या दगडी गडग्याच्या आत एक बंदूकवाला पाय ठेवणार न्हाई."

ती बादली तिथंच टाकून गेली. खिडकीतून ब्रेंडानं, सेथच्या बायकोनं, सगळं ऐकलं होतं.

"कुरण गेलं तर हाका गेला," ती आतून म्हणाली. "आन हाका गेला तर?"

उत्तर दोघांनाही पाठ होतं. सेथ शिकारीच्या रानाचा राखणदार. फेझंट पक्ष्यांची पिल्लं वाढवायची, रानात सोडायची, कोल्ह्यांपासून राखायची, आणि मोसमात हाकाऱ्यांकडून उठवून बंदूकवाल्यांच्या डोक्यावरून उडवायची, हा त्याचा धंदा. त्या डोंगरात हाके, म्हणजे असे पक्षी उठवायच्या जागा, चार-पाच होते, पण नावाजलेला एकच. वरच्या लार्चच्या झाडांच्या रानातून पक्षी उठायचे आणि हॅनाच्या कुरणावरून आभाळाला भिडून जायचे. त्या हाक्यासाठी तर लांबलांबच्या शहरांतून माणसं यायची. तो नसला तर पैसे भरून शिकारीला येणाऱ्यांचं मंडळ मोडणार, मंडळ मोडलं की राखणदार नको, आणि राखणदार नको म्हणजे राखणदाराचं घरही खाली करायचं. लग्न करून ब्रेंडा या घरात आली होती. आता तिचं कंबरेचं हाड झिजलं होतं, आणि चुलीजवळची खुर्ची ते मागचा दरवाजा एवढंच तिचं राज्य उरलं होतं. गावातल्या जिना चढून जायच्या खोलीत ती कशी राहणार होती, देव जाणे.

खरं सांगायचं तर चूक सेथचीही होती, आणि ते त्याला कळत होतं. कार्ड छापलं जायचं हे खरं, पण कार्ड छापलं म्हणून कुणी वाचतं का? मंडळी प्लास्टिकचीच काडतुसं आणायची. म्हणे छर्रे घट्ट जातात. आता शिशाच्या जागी पोलादी छर्रे आले, त्यांना वाटीसारखं बूच लागतंच म्हणे, नाहीतर नळीला चरे पडतात. पाण्यात विरघळणाऱ्या वाट्याही निघाल्या होत्या, पण त्या दमट हवेत फुगतात अशी तक्रार. यॉर्कशायरच्या डोंगरात हवा दमट नसते कधी? एका वर्षी सेथनं धीर करून एका पाहुण्याला विचारलं होतं, "साहेब, काडतुसं बघू का जरा?" त्या गृहस्थानं दोन्ही खिसे बाहेर काढून सगळ्यांना दाखवले होते. "चला, आज आपली झडती आहे!" सगळे हसले. मग मंडळाचे प्रमुख गारफोर्थसाहेब सेथला बाजूला घेऊन म्हणाले होते, "सेथ, पाहुण्यांच्या खिशात हात घालायचा नसतो." झालं. त्यानंतर सेथनं कुणाला कधी विचारलं नाही.

मोसम संपला, बंदुका तेलपाणी करून कपाटात गेल्या आणि सेथ बादली घेऊन कुरणात उतरला. पहिल्या आठवड्यात ब्रेंडाही आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कचरा उचलायचा लांब चिमटा. बर्फ नुकतं वितळलं होतं. गुरांच्या खुरांनी बुचं चिखलात दाबली गेली होती आणि त्यांचा रंग उडून ती मेलेल्या गवताच्या रंगाची झाली होती. वाकून वाकून सेथच्या पाठीचा कणा रात्री बोलायचा. ब्रेंडा तर तिसऱ्या दिवशी गडग्याला टेकली ती हलेचना.

"घरी जा," सेथ म्हणाला.

"तू एकटा करणार व्हय? मेंढ्या यायच्या, त्यांची पिल्लं यायची, त्यांची लगनं व्हायची, तरी तू हितंच."

"टॅन्सीला शिकवतो."

ब्रेंडा हसली. पण सेथ थट्टा करत नव्हता.

टॅन्सी ही त्याची स्पॅनियल कुत्री. दुसराच मोसम, पण तिच्यासारखी कुत्री त्याच्या हाताखालून गेली नव्हती. कितीही दाट काटेरी झुडूप असो, पडलेला पक्षी ती शोधायचीच. आणि पक्षी तोंडात धरून समोर येऊन बसली की बसली. सेथनं हात पुढे केल्याशिवाय ती सोडायची नाही. मागून दुसरा कुत्रा भुंको, शेजारून ससा पळो, तिचं तोंड उघडायचं नाही. ही शिस्त त्यानं तिला पिल्लू असल्यापासून लावली होती. खाऊ देऊन नाही. राखणदार कुत्र्याला खाऊ देत नाहीत, कारण खाऊ दिसला की कुत्रा तोंडातलं टाकतो. हात पुढे आला, पक्षी घेतला, मग कानामागे दोन बोटं, एवढंच बक्षीस. खरं तर राखणदाराच्या कुत्र्यांनी घरातही यायचं नसतं, बाहेरच्या खोपटात झोपायचं असतं. टॅन्सी त्या हिवाळ्यात ब्रेंडाच्या दुखऱ्या पायावर हनुवटी टेकून झोपत होती, आणि सेथ ते न दिसल्यासारखं करत होता.

आता प्लास्टिकला वास कसला? तेव्हा सेथनं एक युक्ती केली. मोसमातली शेवटची फेझंटची जोडी मागच्या थंड खोलीत टांगलेली होती. त्यानं मूठभर नवी बुचं घेतली आणि रात्रभर एका पक्ष्याच्या पोटात कोंबून ठेवली. सकाळी ती कुरणात इकडेतिकडे फेकली. "आण!" टॅन्सी सुटली. पहिलं बूच घेऊन आली तेव्हा तिच्या डोळ्यांत प्रश्न होता, हे काय नवीन? सेथनं हात पुढे केला, बूच घेतलं, कानामागे खाजवलं. प्रश्न संपला. दोन-तीन दिवसांत ती वासाच्या बुचांबरोबर जुनीही आणायला लागली. चिखलात रुतलेली, शेणाखालची, गडग्याच्या फटीतली. सेथ एका जागी उभा, आणि कुत्री जाते-येते, जाते-येते.

"माणसापरीस शानी हाय," ब्रेंडा खिडकीतून ओरडायची. "तिलाच राखणदार करा."

कुत्रीचा उत्साह टिकावा म्हणून सेथ रोज सकाळी त्या पक्ष्याच्या पोटातली दोन-चार बुचं नव्यानं टाकत राहिला. ही सवय तोडायला हवी होती. पण काम जोरात चाललं होतं, आणि चालत्या गाडीला कोण खीळ घालतो?

मार्च सरत आला. टिटव्या कुरणावर परतल्या. वरची बाजू साफ झाली, ओढ्याकाठची झाली, मधला पट्टा तेवढा राहिला. त्या दिवशी पूर्वेचा कोरडा वारा सुटला होता, हाडात शिरणारा. टॅन्सी मधल्या पट्ट्यात नाक घालून फिरत होती. एवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. गारफोर्थसाहेब. शेजारी एक पाहुणे, नवी टोपी, नवे बूट.

सेथच्या हातात बादली होती, अर्धी भरलेली. काय झालं त्याला, कोण जाणे. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. साहेबांच्याच मित्रांची घाण तो उचलत होता. तरी त्यानं बादली गडग्याआड ठेवली, हात पाटलोणीला पुसले, टोपी काढली आणि फाटकाकडे गेला. जाता जाता त्यानं शीळ घातली. टॅन्सी धावत आली आणि त्याच्या समोर बसली. तिचं तोंड मिटलेलं होतं, गालाची एक बाजू किंचित फुगलेली. तिनं बूच आणलं होतं, आणि ती त्याच्या हाताकडे बघत होती.

"काय सेथ, कसं काय?"

"बरं हाय, साहेब."

"थंडी जाईना यंदा."

"न्हाई साहेब. लांबली औंदा."

"मागच्या वर्षी या सुमाराला आम्ही बागेत चहा घेत होतो."

"व्हय साहेब. मागल्या साली बरं व्हतं."

टॅन्सीनं मान वर केली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागली. सेथला दिसत होतं. हात पुढे केला असता तर ते बूच त्याच्या हातात आलं असतं, शेणानं आणि थुंकीनं भरलेलं, नव्या बुटांच्या पाहुण्यासमोर. मग साहेब विचारणार, हे काय? मग तो सांगणार, तुमचंच, साहेब. त्यानं हात पाठीमागे बांधले.

"पाऊस येईल असं वाटतं का?" पाहुण्यांनी विचारलं.

"पूर्वेचा वारा हाय तवर न्हाई यायचा."

"काय छान बसते हो ही," साहेब पाहुण्यांना म्हणाले. "बघा, डोळ्याची पापणी हलवत नाही. याला म्हणतात शिस्त."

पाहुण्यांनी मान डोलावली. मग दोघं वाऱ्याबद्दल, पिल्लांच्या शेडबद्दल, पुन्हा थंडीबद्दल बोलले. कुत्री बसूनच होती. तोंडाला फेझंटच्या आतड्याचा वास, पोटात सकाळपासून काही नाही, समोर मालक, आणि मालकाचा हात येत नाही.

गाडी गेली. सेथ वळला आणि त्यानं हात पुढे केला. टॅन्सीनं तोंड उघडलं. तोंड रिकामं होतं.

'टाकलं वाटतं कुठं,' तो मनाशी म्हणाला, आणि आसपासचं गवत पायानं चाळलं. सापडलं नाही. त्यानं कानामागे खाजवलं आणि तिला पुन्हा कामाला लावलं. मनात काहीतरी खुपलं, नाही असं नाही. पण त्यानं ते खुपू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी टॅन्सी ओकली. तिसऱ्या दिवशी खायला ठेवलेलं हुंगून बाजूला झाली आणि पाठ कमानीसारखी करून उभी राहिली. "गवत खाल्लं असंल," सेथ म्हणाला. ब्रेंडानं तिच्या पोटाखाली हात घातला तर कुत्री कण्हली. तिला कण्हताना दोघांनी कधी ऐकलं नव्हतं. मग मात्र सेथनं तिला घोंगडीत गुंडाळून गाडीत घातलं. ब्रेंडाही आली. कंबर धरून, दात खाऊन, पण आली.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं फोटो काढला, पोट उघडलं, आणि बराच वेळानं बाहेर आली.

"आतड्यात अडकलं होतं. पुढचं सगळं काळं पडलंय. मी शिवलं असतं, पण शिवायला काही उरलंच नाही. तिला भुलीतून उठवू नये असं मला वाटतं." तिनं दोघांकडे पाहिलं. "एक विचारू? प्लास्टिक होतं. प्लास्टिकला चव नसते. कुत्री गिळत नाहीत सहसा."

"मी त्येला वास लावला व्हता," सेथ म्हणाला. "पक्ष्याच्या पोटात ठेवून."

ब्रेंडा म्हणाली, "आमाला आत जाऊ द्या."

आत टॅन्सी कुशीवर पडली होती, जीभ बाहेर, पायाला नळी. ब्रेंडानं खुर्ची मागितली नाही. ती तशीच वाकली, गेल्या दोन वर्षांत वाकली नव्हती एवढी, आणि कुत्रीच्या कपाळावर कपाळ टेकलं. सेथ भिंतीशी उभा राहिला. त्याला रडू आलं, आणि डॉक्टरीणबाईसमोर रडायची लाज वाटली नाही.

तिला स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून पुरलं. घर आपलं नाही, घरासोबत बागही आपली नाही, हे सेथनं एकदा बोलून पाहिलं. ब्रेंडा म्हणाली, "खण."

मधला पट्टा राहिला होता तो राहिलाच होता. दुःख झालं म्हणून मेंढ्या यायच्या थांबत नाहीत. सेथ उजाडताच जायचा आणि गुडघ्यावर बसून हातानं गवत चाळायचा. एके दिवशी मान वर केली तर पलीकडच्या टोकाला ब्रेंडा. पोतं अंथरून बसली होती आणि बसल्या बसल्या सरकत होती.

"तुझं हाड."

"माझं हाड मी बघीन. तू तुझी बाजू बघ."

असे कितीतरी दिवस गेले. एक या टोकाला, एक त्या टोकाला. बोलणं फार नव्हतं, पण ब्रेंडा त्याच्यावर चिडलेली नव्हती, आणि तेच सेथला सोसवत नव्हतं. दुपारी चहाच्या वेळी ती उलट त्याचीच समजूत घालायची.

"तू कशाला मनाला लावून घेतोस? वास लावलास तो घरासाठी लावलास. माझ्यासाठी. तीच मेली हावरट. किती दिस आणून दिलं नीट, आन एका दिशी तोंडाला पाणी सुटलं."

सेथ चहाच्या कपात बघत राहायचा. गावातल्या पबमध्येही तेच. "स्पॅनियलची जातच हावरी," लोक म्हणायचे. "आमच्या एकीनं मोजा गिळला व्हता." कुणीतरी त्याला एक पेला पाजायचं. सांगायचं तर आता सांग, असं तो रोज मनाशी म्हणायचा, आणि रोज पेला संपवून घरी यायचा.

एप्रिलच्या मध्याला हॅना आली. काठी घेऊन ती कुरणभर फिरली. वरची बाजू, ओढ्याकाठ, मधला पट्टा. गडग्याच्या फटीत काठी घालून बघितली. शेणाचे पो उलटे केले. सेथ टोपी हातात धरून मागे मागे. शाळेत पट्टी घेतलेल्या मास्तरांच्या मागे तो असाच चालायचा.

शेवटी ती फाटकाशी थांबली.

"साफ हाय," ती म्हणाली. "मला वाटलं नव्हतं. हाका तुझा. पण ऑक्टोबरात दर माणसाचा खिसा तू बघायचास. माझ्यासमोर."

"बघतो."

"बघशील?"

"एकेकाचा."

ती स्वयंपाकघरात आली, चहाला. जानेवारीत उंबऱ्यावरूनच परतलेली हॅना आज खुर्चीत बसली, आणि ब्रेंडानं तिला सुक्या फळांचा पाव कापून लोणी लावून दिला. घर राहिलं होतं. ब्रेंडानं किटली उतरवताना खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवला, ते सेथनं पाहिलं. त्या हातासाठीच तर सगळं केलं होतं.

"कुत्रीचं ऐकलं," हॅना म्हणाली. "वाईट वाटलं. म्या माझ्या कालवडीपायी तुला बोलले, आन तुझी कुत्री गेली."

"हावरी व्हती," ब्रेंडा म्हणाली. डोळे भरून आले तरी ती हसली. "गुणाची व्हती, पण शेवटी हावरी."

"जातच ती," हॅना म्हणाली. "तोंडात आलं की गिळलं."

"न्हाई," सेथ म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं कप खाली ठेवला. 

"हावरी नव्हती ती. तिला हावरी म्हणू नका." "तिनं आणलं व्हतं. माझ्यापुढं आणून बसली व्हती ती, तोंडात धरून. म्या हात पुढं केला न्हाई. लाळ गळत व्हती तिची, तरी सोडलं न्हाई तिनं. मी शिकवलं तसंच बसली. म्या हातच पुढं केला न्हाई, ब्रेंडा."

पुन्हा चढवलेल्या किटलीचं झाकण खुडखुडत होतं. ब्रेंडानं ती बाजूला केली.

"का?"

"गारफोर्थसायेब आलं व्हतं. पाव्हणा व्हता संगट. त्यांच्याम्होरं ती घाण हातात घ्यायची लाज वाटली."

"किती येळ?"

"लई येळ."

हॅनानं पावाचा तुकडा ताटलीत परत ठेवला. ब्रेंडा उभीच होती, ओट्याला धरून, दुखऱ्या पायावर सगळा भार टाकून, आणि तिला ते कळत नव्हतं.

"एवढा येळ काय बोलत व्हतास रे त्यांच्यासंगं?" तिनं विचारलं.

सेथनं खिडकीबाहेरच्या मातीकडे पाहिलं.

"हवापाण्याचं," तो म्हणाला. "थंडी लांबली औंदा, म्हणून."